मेणाचं चित्र दोन दिवसांत खपल्यांसारखं सुटतं: कारण सापडलं, उपायही सापडला

"बाबा, सिंहगडाचा टॉवर पडला."

लेक चौथीत आहे. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, त्यावरचा दूरदर्शनचा मनोराही दिसतो. तेच दृश्य तिने मेणाच्या रंगांनी काढलं होतं. चित्र टेबलावर पडून होतं, कोणी हातही लावला नव्हता. तरी तिसऱ्या दिवशी मनोऱ्याची लाल-पांढरी पट्टी अख्खी निघून टेबलावर आली. पुढच्या आठवड्यात गडाचा उतार सुटला. मग आकाश. आम्ही दुसरं चित्र केलं, तिसरं केलं, प्रत्येक वेळी हेच. मुलांबरोबर एन्कॉस्टिक करून पाहणाऱ्या आणखी दोन घरांमधूनही मी हीच तक्रार ऐकली. म्हणून आम्हाला जे सापडलं ते नीट लिहून ठेवतो आहे.

एन्कॉस्टिक म्हणजे गरम, वितळलेल्या मेणात रंग मिसळून केलेलं चित्र. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'जाळून आत बसवलेलं' असा आहे. हा अर्थ मी सुरुवातीला वाचला आणि सोडून दिला. समस्येचं उत्तर त्यातच होतं, पण तिथे पोचायला आम्हाला दीड महिना लागला.

आधी मी थंडीला दोष दिला. डिसेंबर होता, पुण्यात पहाटे बोटं आखडत होती, मेण आकसून सुटत असेल असं वाटलं. थंडीने मेण आकसतं, ठिसूळही होतं, हे खरं. पण फेब्रुवारी आला, ऊन वाढलं, तरी खपल्या पडतच राहिल्या. मग मी पांढऱ्या गोंदाने तुकडे चिकटवून पाहिले. गोंद मेणाला धरतच नाही. तो वाळल्यावर तुकडा आणि गोंदाची काचेसारखी चकती, दोन्ही वेगवेगळे हातात आले. वरून वार्निश मारा असा सल्ला मिळाला, तो मी ऐकला नाही आणि बरं झालं. वरून काहीही फासलं तरी तळाची पकड त्याने कशी वाढणार?

शेवटी एका रविवारी आम्ही दोघांनी बसून चाचणी घेतली. पोस्टकार्डाएवढे सहा तुकडे घेतले आणि मागे पेन्सिलीने आकडे घातले. पहिला चकचकीत कार्डाचा, आमच्या एन्कॉस्टिकच्या किटमध्ये आलं होतं तसल्याच. दुसरा अ‍ॅक्रेलिक प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा प्लॅस्टिकसारखा लेप, लावलेल्या कॅनव्हास बोर्डाचा. उरलेले चार साध्या, कोऱ्या प्लायचे. तिसऱ्या तुकड्यावर गार प्लायवर मेणाचे दोन थर नुसते दिले. चौथ्यावर गार प्लायवरच दोन थर दिले, पण प्रत्येक थर दिल्यावर त्याला वरून शेक दिला. पाचव्याला प्लाय आधी तापवला, मग मेण, मग शेक, पुन्हा मेण, पुन्हा शेक. सहावा अगदी पाचव्यासारखा, फक्त मधमाशांच्या मेणाऐवजी सगळे शाळेचे मेणखडू वितळवून वापरले. एक रात्र जाऊ दिली. सकाळी लेकीने प्रत्येकावर नखाने रेघ ओढली आणि मग प्रत्येक तुकडा टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकला. तिला टाकायचं काम सगळ्यात आवडलं.

पहिल्यावरचं मेण केळीच्या सालीसारखं एका तुकड्यात निघालं. दुसऱ्याची कड उचलली गेली आणि पडल्यावर अर्धा थर सुटला. तिसऱ्यात गंमत दिसली. खालचा थर प्लायला बऱ्यापैकी धरून होता, पण वरचा थर खालच्यावरून चकतीसारखा निसटला. म्हणजे मेण मेणालाच धरलं नव्हतं. चौथा चांगला राहिला, एका कोपऱ्यात कपचा उडाला तेवढाच. पाचव्यावर नखाने फक्त चर पडली आणि मऊ भुगा निघाला, पडल्यावर काहीही झालं नाही. सहावा प्लायला घट्ट होता, पण पडल्यावर कडेला तडा जाऊन दोन-तीन टवके उडाले.

नखाची ही चाचणी लक्षात ठेवा. रेघ ओढल्यावर मऊ भुगा किंवा वळलेली सालपटं निघाली तर थर एकजीव आहेत. कपचा उडाला तर नाहीत. चित्र पूर्ण व्हायच्या आधीच, कोपऱ्यात, हे कळून येतं.

खरं कारण

रंग वाळतो हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की मेणही 'वाळलं' असं आपण म्हणतो. मेण वाळत नाही, गोठतं. जलरंगातलं पाणी उडून जातं, तैलरंगातलं तेल हवेशी संयोग होऊन कडक होतं, आणि दोन्हींत मागे राहतो तो थर खालच्या पृष्ठाला धरतो. मेणात यातलं काहीच घडत नाही. मधमाशांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. गरम मेणाचा फटकारा गार पृष्ठाला लागला की तो तिथल्या तिथे, सेकंदाच्या आत गोठतो. लाकडाच्या रंध्रांत शिरायला किंवा खालच्या मेणात मिसळायला त्याला वेळच मिळत नाही. वरून छान दिसतं. आतून मात्र ते नुसतं टेकलेलं असतं.

म्हणून प्रत्येक थर दिल्यावर त्याला पुन्हा शेक द्यावा लागतो, इतका की तो आणि त्याखालचा थर किंचित वितळून एक होतील. 'जाळून आत बसवलेलं' ते हेच.

मग आम्ही शेक का देत नव्हतो? याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मुलं असलेल्या प्रत्येक घरात तेच होणार आहे. मोठे चित्रकार शेक देतात तो ब्लो-टॉर्चच्या ज्योतीने किंवा खूप गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने. नऊ वर्षांची मुलगी शेजारी उभी असताना हातात ज्वाळा धरायची माझी तयारी नव्हती, आजही नाही. म्हणून मी उष्णता कमी कमी करत गेलो. मेण जेमतेम वितळलेलं, बोर्ड गार, शेक म्हणजे हेअर ड्रायरचे दोन झोत. काळजीपोटी मी नेमकी तीच गोष्ट काढून टाकली होती जिच्यामुळे मेण टिकतं. उष्णता हवीच आहे. ती अशा जागी हवी जिथे मुलाचा हात पोचत नाही आणि जिथे ती ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही.

वाफेवरचं ताट

उपाय स्वयंपाकघरातच होता. रुंद तोंडाचं पातेलं घ्यायचं, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, वर सपाट बुडाचं स्टीलचं ताट. पाणी मंद उकळत ठेवायचं. पाणी उकळतं तेव्हा शंभर अंशांच्या वर जात नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे ते अठ्ठ्याण्णवच्या जवळपासच उकळतं. ताट त्याहून थोडं गार राहतं. म्हणजे मेण वितळायला पुरेशी उष्णता, पण धूर निघेल इतकी नाही. मेण फार तापलं की त्यातून डोळ्यांना आणि घशाला झोंबणाऱ्या वाफा निघतात, म्हणून चित्रकार ते साधारण 90 अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत. काही जण मेण वितळवायला इस्त्री वापरतात, तिच्या तुलनेत हा फरक मोठा आहे. इस्त्रीवरच्या एका ठिपक्याची, म्हणजे सगळ्यात कमी आचेची मर्यादाच शंभर अंशांच्या वर असते.

ताटावर प्लाय ठेवून दहा मिनिटं थांबा. लाकडातून उष्णता हळू चढते. जाडी इथे फार महत्त्वाची आहे. चार मिलिमीटरचा प्लाय वरपर्यंत छान तापतो, सहाचा जेमतेम, आणि बारा मिलिमीटरच्या तुकड्यावर आम्ही अर्धा तास वाट पाहूनही मेण ओघळलं नाही. सुताराकडे पातळ प्लायचे तुकडे पडलेले असतात, ते मागून आणा. बुडाशी पाय असलेलं किंवा नक्षीचं ताट घेऊ नका, प्लाय सपाट टेकला पाहिजे.

आणि छताचा पंखा बंद करा! आमचा एक अख्खा रविवार यात गेला. खाली पाणी उकळतंय, ताट तापलंय, आणि वर मेण दगड. पंख्याच्या वाऱ्याने प्लायचा वरचा भाग गार पडत होता. खिडकी उघडी, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू, पण डोक्यावरचा पंखा बंद.

काम आम्ही असं वाटून घेतलं. ओट्याशी मी. इंडक्शनवर पातेलं, कारण मेणाजवळ गॅसची ज्योत नको. लेक चार पावलांवर जेवणाच्या टेबलाशी, समोर पोळपाट. प्लाय तापला की मी तो पकडीने उचलून पोळपाटावर ठेवतो. तिच्याजवळ मेणाच्या कांड्या, मेणखडू आणि किसलेल्या मेणाची वाटी असते. गरम प्लायवर कांडी टेकवली की ती लोण्यासारखी वितळत जाते, रेघ आपोआप उमटते. अर्धा-पाऊण मिनिट मिळतं. मग प्लाय गार पडायला लागतो, कांडी अडखळते, ती "घ्या" म्हणते आणि मी तुकडा परत ताटावर ठेवतो. तिथे थराला शेक मिळतो. पोळीसारखंच, पोळपाटावरून तव्यावर, तव्यावरून पोळपाटावर.

शेक पुरेसा झाला हे ओळखायची खूण डोळ्यांना दिसते. गोठलेलं मेण मंद दिसतं. वितळायला लागलं की पृष्ठावर ओली चमक धावत जाते आणि रेघांच्या कडा जरा मऊ पडतात. त्याच क्षणी तुकडा उचलायचा. आणखी थांबलात तर रंग पोहायला लागतात. चमक ओळखण्याचं काम लेकीकडे आहे, ती टेबलावरून मान उंच करून पाहते आणि "चमकलं" म्हणून ओरडते. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, हे मी कौतुकाने नाही, अनुभवाने सांगतो.

मोठा भाग एकसारखा मेणाने भरायचा असेल तर मेण जुन्या स्टीलच्या डब्यात घालून तो डबा गरम पाण्यात उभा करा आणि ब्रशचं काम स्वतः करा. ब्रश नैसर्गिक केसांचा हवा, नायलॉनचे केस गरम मेणात वाकडे होतात. तो डबा आणि ते ताट पुन्हा स्वयंपाकात आणू नका. पातेल्यातलं पाणी आटतंय का याकडे लक्ष ठेवा, पाणी संपलं की शंभर अंशांची मर्यादाही संपली.

गरम मेण अंगावर पडलं तर लगेच नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेलं मेण ओढून काढू नका, कातडी त्याबरोबर येते. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. भाग मोठा असेल, चेहऱ्यावर असेल किंवा फोड आला असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी कधीही टाकायचं नाही. झाकण घाला, वीज बंद करा. हे लेकीलाही तोंडपाठ आहे.

पाया कोणता

चकचकीत कार्ड, लॅमिनेट केलेला कागद, प्लॅस्टिक इमल्शनवाला बोर्ड, अ‍ॅक्रेलिक प्राइमर मारलेला तयार कॅनव्हास, हे सगळं सोडा. मेणाला आत शिरायला रंध्रं हवीत आणि खाली न वाकणारी वस्तू हवी. चकचकीत कार्डावर इस्त्रीने मेण फिरवून नक्षी करण्याचा एक प्रकार आहे, तिथे थर अगदी पातळ असतो आणि तो चालूनही जातो. मुलं मात्र थरावर थर चढवतात. कार्ड जरा वाकलं की जाड मेणाला तडा गेलाच.

या बाबतीत जुने लोक आपल्यापेक्षा शहाणे होते. इजिप्तमध्ये फायूमच्या परिसरात सापडलेली ममींवरची व्यक्तिचित्रं इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. त्यातली कितीतरी मेणात रंगवलेली आहेत आणि ती पातळ लाकडी फळ्यांवर आहेत. काही फळ्या सायकमोर अंजिराच्या, म्हणजे आपल्या उंबराच्याच गोत्रातल्या झाडाच्या. वाळवंटाच्या कोरड्या हवेचा त्यांना फायदा झाला, पण लाकडाचाही झाला. जॅस्पर जॉन्स या अमेरिकी चित्रकाराने 1954-55 मध्ये मेणात रंगवलेला 'फ्लॅग' कापडावर आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर आहे, पण ते कापड प्लायवर बसवलेलं आहे.

प्लायवर पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर सुतारकामातलं सरस गरम पाण्यात विरघळवून त्यात खडूची पूड घाला आणि दोन पातळ हात मारा. हा थर मेण शोषून घेतो. पूर्ण वाळू द्या, ओलावा राहिला तर मेणात बुडबुडे येतात. आम्ही बहुतेक वेळा कोराच प्लाय वापरतो, त्याचा तपकिरी रंग सिंहगडाला शोभतो.

मेण कोणतं

सहाव्या तुकड्याने हे शिकवलं. मेणखडूंमध्ये मुख्यतः पॅराफिन असतं, आणि ते मधमाशांच्या मेणापेक्षा ठिसूळ. म्हणून खडू रंगासाठी थोडे, आणि अंग मधमाशांच्या मेणाचं. आम्ही साधारण चार भाग मेणाला एक भाग खडू घेतो. रंग फिका वाटला तर खडू वाढवण्याऐवजी आणखी एक थर द्या.

पण मधमाशांचं म्हणून विकलं जाणारं मेण खरं असेलच असं नाही, त्यात पॅराफिनची भेसळ होते. नखाएवढा तुकडा बोटांत मळून पाहा. खरं मेण मऊ होऊन कणकेसारखं वळतं आणि मधाचा वास येतो. पॅराफिन मळताना भुगा होतो. बाजारात येणारं बरंचसं देशी मेण आग्यामाशीच्या पोळ्यांचं असतं, गडद आणि थोडं मळकट. त्यात मध आणि पराग राहिलेले असतात आणि तेच पुढे बुडबुडे आणि कच्ची पकड देतात. गरम पाण्यात वितळवून मलमलच्या फडक्यातून गाळा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी वर मेणाची चकती तरंगत असते, तिच्या तळाचा काळपट गाळ सुरीने खरवडून टाका.

कडकपणासाठी जाणकार मेणात डामर नावाची झाडाची राळ मिसळतात. आपल्याकडे पूजेच्या दुकानात मिळणारी सालाची राळ त्याच झाडांच्या कुळातली, आणि बस्तरचे ढोकरा कारागीरही ओतकामाच्या मेणात राळ घालतात. पण राळ वितळायला मेणापेक्षा बरीच जास्त आच लागते, उकळत्या पाण्यावर ते काम होत नाही. मुलांबरोबर करताना राळ नकोच. पोस्टकार्डाएवढ्या चित्राला नुसतं मेण पुरतं.

पूड रंग मिसळायचा मोह झाला तर गेरू, पिवडी, काजळी, कपड्यांची पुडीतली नीळ एवढ्यावर थांबा, आणि पूड मिसळताना मूल खोलीत नको. मिसळून कांड्या पाडल्या की मग मुलाच्या हातात द्या. बाटलीतली पातळ नीळ पाण्याची असते, मेणात ती मिसळत नाही. शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ घरात या कामाला आणूच नका. अस्सल शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाचा. हळदीचा पिवळा सुंदर येतो, पण उजेडात महिन्याभरात उडतो. लेकीचा सूर्य असाच गेला.

सुटलेलं चित्र वाचवता येतं का

पाया लाकडी असेल तर हो. पडलेले तुकडे टाकू नका. चिमट्याने जागच्या जागी मांडा, सगळं वाफेच्या ताटावर ठेवा आणि चमक दिसेपर्यंत थांबा. तुकड्यांमधल्या फटींत कोऱ्या मेणाचा कीस भरा. कडा पूर्वीइतक्या स्पष्ट राहणार नाहीत, हे मुलाला आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, आणि मनोरा विरघळताना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाया चकचकीत असेल तर तो सोडून द्या. मेण खरवडून घ्या. सगळे रंग एकत्र होऊन त्याचा मातकट तपकिरी होतो, तो नव्या प्लायवर पहिला थर म्हणून फार उपयोगी पडतो.

चित्रावर काही दिवसांनी पांढुरकी साय आली तर घाबरू नका. ती बुरशी नाही, मेणाचाच भाग वर आलेला असतो, थंडीत जास्त. मऊ सुती कापडाने हलक्या हाताने घासलं की जाते आणि खालून छान झळाळी येते.

रंग एकमेकांत जाऊन चिखल होत असेल तर एका फेरीत दोनच रंग द्या, शेक द्या, गार होऊ द्या, मग पुढचे.

ठेवायची जागा मात्र जपा. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि मेण वितळलं नाही तरी मऊ पडतं. ऊन येणारी भिंत नको, बंद गाडीत तर अजिबात नको. चित्रं एकावर एक रचू नका, आणि रचायचीच असतील तर मध्ये बेकिंग पेपर घाला. वर्तमानपत्र घातलंत तर त्याची शाई मेणावर उतरते. आमच्या दुसऱ्या सिंहगडावर अजून अर्धा मथळा वाचता येतो.

आत्ताचं, पाचवं चित्र चार मिलिमीटरच्या कोऱ्या प्लायवर आहे, सात थरांचं. लेक रोज शाळेतून आली की कोपऱ्यात नख लावून पाहते. अडीच महिने झाले, अजून भुगाच निघतो आहे.